कृतज्ञतेचे भित्तिपत्रक: एका महाविद्यालयातील सेवा उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातील आहे. संबंधित व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत. मी विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात काम करत असल्याने महाविद्यालयाने मला सल्ल्यासाठी बोलावले होते. त्यामुळे सुरुवातीच्या घडामोडी मला संबंधितांकडून कळल्या आणि पुढच्या बहुतेक मी जवळून पाहिल्या.

महाविद्यालयाला जोडूनच कनिष्ठ महाविद्यालय आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका धर्मादाय संस्थेची अंध मुलांची निवासी शाळा आहे. तेथे सातवीपर्यंतचे वर्ग आहेत. पुढे शिकणारी मुले-मुली संस्थेच्याच वसतिगृहांत राहतात आणि गावातल्या सर्वसाधारण शाळा-महाविद्यालयांत जातात. त्यांपैकी काही याच महाविद्यालयात शिकत होती. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. या तासांच्या हिशेबात दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, निवासी शाळेची भेट ठरलेली असे. भेटीचा साचा वर्षानुवर्षे तोच होता. सकाळी विद्यार्थी पोचत, शाळेची मुले स्वागतगीत म्हणत, मुख्याध्यापक माहिती देत, एखादा मुलगा ब्रेलमधला उतारा वाचून दाखवी, एखादी मुलगी पेटीवर अभंग वाजवी. मग फळवाटप, सामूहिक छायाचित्र आणि आभार. परतल्यावर प्रत्येकाने ‘आजच्या भेटीतून मला काय वाटले’ या विषयावर वहीत एक पान लिहायचे.

ही पाने मी वाचली आहेत. त्यांतली भावना खरी होती, हे आधीच नोंदवले पाहिजे. एका मुलाने लिहिले होते की त्या रात्री जेवताना त्याने पहिल्यांदा आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. एका मुलीने लिहिले होते की रोज पहाटे शेतावर जाताना दिसणारा डोंगर आपल्याला दिसतो, हे तिच्या कधी मनातच आले नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात स्वतःच्या शरीराची इतकी जाणीव होणे ही लहान गोष्ट नाही. परंतु पान कोणाचेही असो, शेवटाकडे ते एकाच वळणावर येई: त्यांना पाहिले आणि आपण किती भाग्यवान आहोत ते कळले. भेटलेल्या मुलाशी काय बोलणे झाले, त्याला कोणता विषय आवडतो, तो कोणत्या गावचा, याचा उल्लेख जवळजवळ कुठल्याच पानात नव्हता.

दुसरी बाजू शाळेची. निवासी शाळेला अनुदान मिळते, पण त्यात सगळे भागत नाही. वाढदिवस, आईवडिलांचे स्मृतिदिन, पितृपक्ष, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि ४ जानेवारीचा ब्रेल दिन या निमित्ताने येणाऱ्या मंडळींकडून गोड जेवण, धान्य, चादरी मिळतात. प्रत्येक मंडळीसाठी मुलांना वर्गातून उठवून सभागृहात आणले जाई. पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी मुलाचा हात धरून, आवाज बदलून ‘ओळख पाहू मी कोण?’ असे विचारीच. मूल त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असे. तरी ते हसून काहीतरी उत्तर देई, कारण पाहुण्यांना हसून उत्तर द्यायचे हे त्याला शिकवलेले असे.

प्रश्न कसा पुढे आला

त्या वर्षीच्या भेटीनंतर योजनेच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या दर्शनी जिन्याजवळ भित्तिपत्रक लावले. वहीतल्या पानांतील निवडक वाक्ये सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. मधोमध एका मुलाचे मोठे छायाचित्र होते. ब्रेल पाटीवर झुकलेला, हातात टोच्या धरलेला. खाली ओळ होती: ‘यांना पाहिले की आपल्या तक्रारी किती क्षुल्लक आहेत ते समजते.’

छायाचित्रातला मुलगा त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अकरावी कला शाखेत शिकत होता. भेटीच्या दिवशी वसतिगृहात थांबायला सांगितल्यामुळे तो तेथे होता, आणि भेटीला आलेल्यांपैकी एकालाही तो आपल्याच महाविद्यालयातला आहे हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातील एका मुलाने त्याला कौतुकाने भित्तिपत्रकापाशी नेले आणि सगळा मजकूर वाचून दाखवला.

मधल्या सुट्टीत तो योजनेचे काम पाहणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या खोलीत आला. त्याचे बोलणे अधिकाऱ्यांनी नंतर वहीत उतरवून ठेवले होते. “सर, मला दिसत नाही म्हणून कोणाला स्वतःच्या डोळ्यांची किंमत कळली असेल, तर कळू दे. माझी हरकत नाही. पण मी रोज याच जिन्याने वर येतो. भित्तिपत्रक लिहिणारं कोणी आजवर माझ्याशी एक शब्द बोललेलं नाही. मग मला बघायला तुम्ही गावाच्या पार टोकाला कशाला जाता?”

अधिकाऱ्यांनी त्याला काय करावे असे विचारले. छायाचित्र काढा, मजकुराचे तुम्ही ठरवा, एवढेच तो म्हणाला. छायाचित्र त्याच दिवशी उतरवले गेले.

प्रकरण येथेच मिटू शकले असते. विद्यार्थ्यांच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी त्या मुलाचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले, तेव्हा प्रतिक्रिया दोन टोकांच्या आल्या. काहींना शरम वाटली. काही दुखावले गेले: आम्ही चांगल्या मनाने गेलो, आमच्या मनात देवाविषयी कृतज्ञता दाटून आली, त्यात कोणाचा अपमान कुठे झाला? हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर देणे आवश्यक होते. मला बोलावले गेले ते या टप्प्यावर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय भेटी थांबवण्याचा होता. काही प्राध्यापकांचे तसे स्पष्ट मत होते. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याला विरोध केला आणि त्यांचे कारण वजनदार होते: गावातल्या मोठ्या संस्थेने येणे बंद केले की दुकानदार आणि मंडळेही हात आखडता घेतात, आणि महिन्याच्या अखेरीस कोठी सांभाळायची असते अधीक्षकांना. शिवाय भेटी बंद केल्या तरी जिन्यावर रोज शेजारून जाणारी मुले एकमेकांशी बोलू लागतील, असे थोडेच होते.

दुसरा पर्याय भेट तशीच ठेवून तिला उपयुक्ततेची जोड देण्याचा होता: फळांऐवजी ब्रेल कागद, पांढऱ्या काठ्या, ध्वनिमुद्रण यंत्रे द्यावीत. यात वस्तू बदलल्या असत्या. देणारा आणि घेणारा यांच्या जागा त्याच राहिल्या असत्या.

तिसरा पर्याय एका तरुण प्राध्यापकाने उत्साहाने मांडला. सर्व विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना अर्धा तास महाविद्यालयाच्या आवारात फिरवावे, म्हणजे दृष्टीचे मोल आपोआप कळेल. असे प्रयोग अनेक ठिकाणी होतात, म्हणून यावर बराच वेळ चर्चा झाली. मी त्याच्या विरोधात बोललो. पट्टी बांधलेल्या माणसाला अनुभव येतो तो दृष्टी अचानक गेल्याच्या पहिल्या अर्ध्या तासाचा, धक्क्याचा आणि भीतीचा. जन्मापासून किंवा लहानपणापासून न दिसणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेले कौशल्य त्या अर्ध्या तासात येत नाही. काठीच्या टोकाचा आवाज बदलला की फरशी संपून माती लागली हे ओळखणे, जिन्यातून वर येणाऱ्या वाऱ्यावरून खिडकी कोठे आहे ते जाणणे, ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जाऊन कागद उलटल्यावर तेच डावीकडून उजवीकडे वाचणे, हे सारे पट्टीखाली दिसत नाही. विद्यार्थी बाहेर आले असते ते आणखी घाबरून, आणि अंधत्व म्हणजे अखंड चाचपडणे अशी समजूत पक्की करून. अकरावीच्या त्या मुलालाही हे विचारले गेले. पट्टी सोडली की तुम्हाला लगेच दिसणार हे तुम्हाला ठाऊक असते, असे तो म्हणाला. पर्याय सोडून दिला.

चौथा पर्याय कोणी एकाने सुचवलेला नव्हता. चर्चेतून तो हळूहळू आकाराला आला. वर्षातून एकदा पाहायला जाण्याऐवजी वर्षभर बरोबरीने एखादे काम करावे, आणि ते काम काय असावे हे वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ठरवावे. याविरुद्धचा आक्षेपही रास्त होता. परीक्षा, बसचे वेळापत्रक आणि शेतीची कामे यांत अडकलेली ग्रामीण मुले दर आठवड्याला येतील का? तरीही हाच पर्याय एका वर्षापुरता स्वीकारला गेला.

राहिला कृतज्ञतेचा प्रश्न. बैठकीत एक सूचना अशीही होती की यापुढे वहीत ‘भाग्यवान’ वगैरे काही लिहू नये असेच सांगून टाकावे. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ती मानली नाही, आणि या संपूर्ण प्रकरणातला हा मला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. मनात आलेल्या भावनेवर बंदी घातली की ती खोटी होते किंवा लपते. त्यांनी भावना तशीच राहू दिली आणि प्रश्न बदलला. ‘तुम्हाला काय वाटले’ याच्या जागी वहीत तीन प्रश्न आले: आज कोणाबरोबर काय काम केले, त्यात काय जमले नाही, पुढच्या वेळी काय वेगळे कराल.

केलेली कृती

जानेवारीत वसतिगृहात बैठक झाली. या वेळी स्वागतगीत नव्हते. वसतिगृहातील विद्यार्थी बोलत होते आणि योजनेचे विद्यार्थी टिपून घेत होते. पाहुण्यांना अपेक्षित असलेल्या गोष्टींपैकी एकही मागणीच्या यादीत नव्हती. पहिली मागणी प्राध्यापकांच्या टिपणांची होती. वसतिगृहात संगणक होते आणि त्यांवर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत कार्यक्रम होता, जो ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केला आणि जो मराठीही वाचतो. परंतु महाविद्यालयातील बहुतेक टिपणे जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली होती. पडद्यावर ती शुद्ध मराठी दिसत आणि संगणक ती वाचू लागला की नुसती निरर्थक अक्षरे ऐकू येत. डोळस विद्यार्थ्यांना असा काही प्रश्न असू शकतो याची कल्पनाच नव्हती. दुसरी मागणी संदर्भग्रंथांतील काही प्रकरणांच्या ध्वनिमुद्रणाची होती, तिसरी परीक्षेसाठी लेखनिकांची, आणि चौथी, सर्वांत साधी, बसस्थानकावर गाडीची पाटी वाचून सांगणाऱ्या कोणाच्या तरी सोबतीची.

टिपणे युनिकोडमध्ये आणण्याचे काम ताबडतोब सुरू झाले आणि तेच सर्वांत टिकाऊ ठरले. दुखावल्या गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोघे त्यात पुढे होते, कारण त्यांना टंकलेखन चांगले येत होते.

ध्वनिमुद्रणात अनपेक्षित अडचण आली. पहिल्या मुद्रणांत वाचकांनी भरपूर भाव ओतला होता, आवाज कापरा केला होता, मध्येच बासरीचे संगीत घातले होते. ऐकणाऱ्या मुलांनी ते परत पाठवले. त्यांना सपाट, स्पष्ट आवाज हवा होता, कारण ती दुप्पट वेगाने ऐकत. पान क्रमांक आधी सांगावा, परकीय नावे अक्षरे फोडून सांगावीत, तक्ता आला तर ओळीने वाचावा आणि नकाशा आला तर तो गाळला आहे असे स्पष्ट सांगावे, अशा सूचना त्यांनी दिल्या. अशी मुद्रणे करण्यात कायद्याची अडचण नाही, हेही तेव्हा तपासून घेतले: प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्याची मुभा दिली आहे. नकाशांसाठी एका मुलीने पुठ्ठ्यावर डिंकाने दोरा चिकटवून नद्या आणि वाळू चिकटवून डोंगर केले. तिने कृष्णा आणि कोयना एकाच जाडीच्या दोऱ्याने दाखवल्या होत्या. बोटांनी संगम शोधणाऱ्या मुलाला कोणती नदी कोणती हे कळेना, तेव्हा तिने कोयनेसाठी बारीक दोरा घेतला.

लेखनिकांचा प्रश्न अधिक नाजूक होता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी आणि परीक्षार्थीला दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळावीत, असे त्या वेळी होते. त्यामुळे पदवीच्या वर्गातील विद्यार्थी अकरावी-बारावीच्या मुलांचे लेखनिक होऊ शकत नव्हते. त्यासाठी खालच्या वर्गांतील मुले तयार करावी लागणार होती. म्हणून आधी सराव परीक्षा घेण्याचे ठरले. वसतिगृहातील, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी राज्यशास्त्राची सराव उत्तरे सांगत होती आणि बारावीतील एक मुलगी लिहीत होती. शेवटी विद्यार्थिनीने उत्तर परत वाचायला सांगितले आणि मध्येच थांबवले. “हे वाक्य माझं नाही.”

“ताई, मी फक्त थोडं नीट केलं,” बारावीतली मुलगी म्हणाली.

“नीट करू नकोस. मी चुकले तर माझे गुण जाऊ देत. तू नीट केलंस तर पेपर माझा राहत नाही.”

त्या दिवशीच्या वहीत बारावीतल्या मुलीने ‘काय जमले नाही’ या प्रश्नाखाली एवढेच लिहिले: ‘मदत करताना थांबणे.’ पुढच्या सरावात तिने प्रत्येक विरामचिन्हसुद्धा विचारून दिले.

याच काळात झालेल्या एका अनौपचारिक बोलण्याची नोंद आवश्यक आहे. आम्हाला कृतज्ञता वाटली यात चूक काय, हा जुना प्रश्न एका विद्यार्थ्याने अकरावीच्या त्या मुलालाच विचारला. तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की एकदा एका क्रीडास्पर्धेत त्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही असा मुलगा भेटला होता. तळहातावर बोटाने अक्षरे काढून त्याची आई त्याच्याशी बोलत होती. त्या क्षणी त्याच्याही मनात पहिला विचार आला तो हाच, की बरे झाले मला ऐकू येते. “मग मला कसंतरीच झालं. मी त्याच्या आईला विचारलं, मला शिकवाल का. तिनं माझ्या हातावर माझं नाव काढून दाखवलं आणि मग मी त्याच्या हातावर काढलं.” माझ्या मते, बैठकीत दुखावलेल्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आमच्यापैकी कोणी देऊ शकले नसते. तुलना मनात येणे माणसाच्या हाती नसते. ती आल्यावर तेथेच थांबून स्वतःचे समाधान करून घ्यायचे की समोरच्याकडे एक पाऊल पुढे जायचे, हे मात्र त्याच्या हाती असते.

स्वतःच्या इंद्रियांकडे वळलेले लक्ष

फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी नेत्रदानाची प्रतिज्ञापत्रे भरून घेण्याची कल्पना मांडली. त्यामागे, आपल्या वसतिगृहातील मित्रांना पुढे-मागे दृष्टी मिळेल, अशी आशा होती. तालुक्यातील एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांना व्याख्यानासाठी बोलावले गेले. त्यांनी स्पष्ट सांगितले की नेत्रदानातून मिळते ते बुबुळावरचे पारदर्शक पटल; ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागते आणि ज्यांचे तेवढेच पटल खराब झाले आहे त्यांनाच त्याचा उपयोग होतो. ज्यांचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, किंवा दृष्टीची शीर अधू आहे त्यांना नेत्ररोपणाने दिसू लागत नाही. वसतिगृहातील बहुतेकांची स्थिती दुसऱ्या प्रकारची होती. मोहीम घ्यावी की नाही, असा पुन्हा निर्णयाचा प्रसंग आला. नेत्रदान मोलाचेच आहे, म्हणून ती घेतली गेली. पण वसतिगृहात न घेता गावच्या बाजारपेठेत, आणि कोणत्याही मुलाचे छायाचित्र न वापरता.

डॉक्टरांनी जाता जाता एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःचे डोळे कधी तपासून घेतले आहेत? हात थोडेच वर झाले. डोळ्यांबद्दल एवढी कृतज्ञता लिहिणाऱ्या मुलांनी डोळ्यांची काळजी घेतलेली नव्हती. महाविद्यालयातच तपासणी ठेवली गेली. अनेकांना चष्म्याची गरज निघाली. त्यांत एक मुलगी होती, जिला मागच्या बाकावरून फळा सगळ्यांनाच पुसट दिसतो असे वाटत आले होते. बारावीला कमी पडलेल्या गुणांचा तिने नव्याने विचार केला असणार. एका मुलाने मधुमेह असलेल्या वडिलांना दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी नेले, कारण मधुमेहाने होणारी हानी सुरुवातीला मुळीच जाणवत नाही, हे त्याने व्याख्यानात ऐकले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालात म्हटले आहे की जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. या आकड्यातली बरीच माणसे साध्या चष्म्याअभावी त्यात आहेत. कानांकडेही लक्ष गेले: रात्रभर कानात यंत्र घालून मोठ्या आवाजात गाणी ऐकण्याची सवय किती जणांना आहे, यावर एक मोकळी चर्चा झाली. सवय सुटल्याचे मात्र कोणी फारसे सांगितले नाही.

निष्पत्ती

वर्ष संपताना चित्र संमिश्र होते. सुरुवातीला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे सुगीच्या आणि परीक्षांच्या काळात गळले. जे टिकले त्यांची वसतिगृहातील मुलांशी वेगवेगळ्या प्रकारे ओळख झाली. काही जोड्यांत मैत्री झाली, काहींत फक्त कामापुरता संबंध राहिला, आणि एका जोडीत चक्क भांडण झाले, कारण वाचक दर वेळी उशिरा येई. माझ्या दृष्टीने भांडणही जमेची बाजू आहे. दयेच्या नात्यात ते होत नाही.

अधीक्षकांची भीती पूर्ण खरी ठरली नाही. त्यांनी दात्यांना रविवारी बोलावण्याची पद्धत सुरू केली आणि शाळेच्या दिवशी वर्ग मोडणे बंद केले. काही दाते नाराज झाले, बहुतेकांनी मान्य केले. येथे एक गोष्ट आम्हा मोठ्यांच्या अंदाजाबाहेर गेली. पहिली-दुसरीतल्या छोट्या मुलांना पाहुणे हवे होते. नवीन आवाज, नवीन हात, पेढे, मांडीवर बसायला मिळणे यांत त्यांना आनंद होता. त्यांचे घर दूर होते. अकरावीतल्या मुलाला जे टोचत होते ते सहा वर्षांच्या मुलाला टोचत नव्हते, आणि सर्वांसाठी एकच नियम करणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरले असते. त्यांच्यासाठी योजनेच्या मुलींनी रविवारी गोष्टी सांगण्याचा तास सुरू केला.

वह्या बदलल्या. ‘भाग्यवान’ हा शब्द पूर्णपणे गेला नाही, पण त्याच्या आजूबाजूला माणसे आली. ज्या मुलीने डोंगराविषयी लिहिले होते, तिने वर्षअखेरीस लिहिले की तिने तो डोंगर वसतिगृहातील मैत्रिणीला वाळूच्या नकाशावर दाखवला, तेव्हा मैत्रिणीने विचारले, पावसात त्याचा वास कसा येतो? तिला सांगता आले नाही. पुढच्या पावसात वर जाऊन बघायचे तिने ठरवले आहे.

अकरावीतला मुलगा पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला आला आणि त्याने स्वतः राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले. विशेष शिबिर एका खेड्यात बंधाऱ्याच्या श्रमदानाचे होते. त्याला नोंदवहीचे किंवा गाण्याचे काम द्यावे असे काहींनी सुचवले. त्याने घमेल्यांच्या साखळीत जागा मागितली. साखळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि घमेले हातातून हातात जाते, त्यामुळे दिसण्याची गरज फारशी नसते. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाने न सांगता घमेले पुढे केले आणि माती दोघांच्या पायांवर सांडली. त्यानंतर ‘घे’ म्हणून मगच द्यायचे असे ठरले. हळूहळू सगळी साखळीच ‘घे’ म्हणू लागली आणि सांडणे कमी झाले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट सर्वांत सोपी होती. भेटीला जाण्यापूर्वी महाविद्यालयाने आपल्याच हजेरीपटावर किती दिव्यांग विद्यार्थी आहेत हे पाहिले असते, तर उपक्रमाची सुरुवात जिन्यापासून झाली असती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांतली अनेक बाहेरून दिसत नाहीत. वर्षाच्या मध्यावर कळले की योजनेच्या स्वयंसेवकांतच एक विद्यार्थी एका कानाने जवळजवळ ऐकू न येणारा होता आणि त्याने ते कधी सांगितले नव्हते.

छायाचित्र आणि नाव वापरण्यासाठी त्या व्यक्तीची परवानगी घेण्याची पद्धत आधीपासून हवी होती. मूल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते. पण संस्थेच्या प्रमुखांनी होकार दिला म्हणजे मुलाने दिला असे समजता येत नाही. चित्राखाली काय लिहिणार हेही त्याला वाचून दाखवले पाहिजे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही. वर्षभरात जे जे शिकवायचे होते ते बहुतांशी अकरावीतल्या एका मुलाकडून शिकले गेले. त्याने तक्रार केली, पर्याय तपासले, शंकांना उत्तरे दिली, सराव घडवला. त्याच्या अभ्यासाचे तास यात गेले. योजनेच्या विद्यार्थ्यांच्या तासांची नोंद वहीत होत होती. त्याच्या तासांची नोंद कोठेही झाली नाही. पुढच्या वर्षीपासून वसतिगृहातील जे विद्यार्थी प्रशिक्षण देतील त्यांना सन्मानधन द्यावे, असा प्रस्ताव महाविद्यालयाच्या समितीपुढे आहे. त्यासाठी कोणत्या निधीतून रक्कम काढावी यावर चर्चा अडली आहे.

टिपणांचे कामही विद्यार्थ्यांवर सोपवून चालणारे नव्हते. विद्यार्थी जुनी टिपणे बदलत असताना काही प्राध्यापक नवी टिपणे पुन्हा जुन्याच फॉन्टमध्ये देत राहिले. यंदा प्राचार्यांनी लेखी सूचना काढून युनिकोड बंधनकारक केले आहे. पहिल्या सत्राच्या टिपणांपैकी इतिहासाची आणि मराठीची युनिकोडमध्ये आली आहेत. अर्थशास्त्राची अजून यायची आहेत.